पडवीतला समुद्र आणि दारचं कलम

आमचे हे बोटीवरून कायमचे घरी आले तेव्हा मला वाटलं, आता हे माणसात येतील. सगळा जन्म इंजिनरूममध्ये गेलेला. पाण्याच्या पातळीखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, बाहेर दिवस आहे की रात्र हे घड्याळात बघून ठरवायचं. म्हटलं, आता पडवीत बसतील, पेपर वाचतील, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतील, जमलंच तर माझी कलमं ओळखायला शिकतील. ते पडवीत बसले, एवढं खरं ठरलं. बाकी त्यांनी समुद्रच घरी आणला.

समुद्र म्हणजे आठ फुटी काचेची टाकी. ती ठेवायला पडवीत सिमेंटचा ओटा झाला, आणि ओट्यावरच्या छपराची कौलं उतरवून तिथे पारदर्शक पत्रे आले, बिजागऱ्यांवर उघडझाप होणारे. का, तर आतल्या पोवळ्यांना सूर्याचं खरं ऊन लागतं. बाजारात त्यासाठी निळे-पांढरे दिवे मिळतात म्हणे, पण दिव्याचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा कडू व्हायचा. "दिव्याखाली मी जगलोय. त्यांना कशाला तो भोग?" हे वाक्य त्यांनी इतक्या कळवळ्याने म्हटलं की माझ्यासाठी त्यांनी कधी असं काही म्हटलंय का, ते मी आठवत बसले. आठवलं नाही.

समुद्र आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. तरी भरतीच्या वेळी रिक्षातून कॅन भरून पाणी यायचं, आणि पावसाळ्यात किनारा गढूळ झाला की मिठाचा डबा पार्सलने. रत्नागिरीत समुद्राचं मीठ पार्सलने मागवणारं घर आमचं एकच असावं. दगडी पोवळ्यांना कायद्याने हात लावता येत नाही, म्हणून मऊ, रबरासारखी डुलणारी पोवळी आली, चार लाल पट्ट्यांच्या कोळंब्या आल्या, नारिंगी माशांची एक जोडी आली आणि त्या जोडीला राहायला एक समुद्रफूल, दिसायला फूल पण खरं तर जिवंत प्राणी. आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई पहिल्यांदा टाकीसमोर उभी राहिली, तिने पाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "वयनी, खायाचे न्हाईत तर पाळल्यात कशाला?" मी म्हटलं, साहेबांना विचार. साहेब तिला पोवळ्यांविषयी बराच वेळ सांगत होते. तेवढ्यात तिच्या पाटीतला बांगडा मांजराने पळवला.

ऊन खाऊन पोवळी वाढली, तसं शेवाळही वाढलं. सगळ्या आयुष्यात स्वतःचा चहाचा कप न विसळलेला माणूस रोज सकाळी बाह्या सरसावून काच घासू लागला. वैशाखात पाणी तापायचं. मग फ्रीजरमध्ये बर्फाच्या बाटल्या, आणि माझी सुरमई शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये आश्रित. पावसाळ्यात ऊनच नाही, तेव्हा नाइलाजाने दिवे लागत आणि हे सुतकात असल्यासारखे वावरत. बाकीचे आठ महिने एक स्टूल, त्यावर हे, तोंड टाकीकडे आणि पाठ आमच्या सगळ्यांकडे.

मला राग यायचा, हे स्पष्ट सांगते. माझं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस समुद्राचा होता. सुट्टीवर यायचा, बॅगेतून साबण-चॉकलेटं काढायचा, परत जायचा. घर, सासूबाईंची आजारपणं, आणि घरामागची कलमं मी सांभाळली. आता पगार थांबला, समुद्र मात्र थांबेना.

कलमांमध्ये एक दारचं आहे, पडवीच्या दक्षिणेला. ते मी स्वतः लावलं, लग्नानंतर हे पहिल्यांदा लांबच्या सफरीवर गेले त्या पावसात. हापूसच, पण त्याच्या फळाला जी चव आहे ती मागच्या कुठल्याच कलमाला नाही. त्याला पहिला बार धरला तेव्हा हे कुठल्याशा बंदरात होते. मी फोनवर सांगितलं, आपल्या दारच्या कलमाला आंबे लागले. पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं. पंखा दुरुस्त केलास का?" त्या कलमाची एक जाड फांदी पडवीच्या छपरावर आलेली आहे. तिची सावली बारा महिने टाकीवर असते, आणि थंडीत ऊन खाली उतरतं तेव्हा तर भर दुपारीही. हे त्या फांदीकडे मान वर करून बघत बसायचे. तोंडाने कधी काही बोलले नाहीत. बोलायची हिंमत नव्हती, असं मी धरून चालले होते.

टाकीच्या पहिल्याच हिवाळ्यात व्हायचं ते झालं. मोहोर फुटला, फवारणीवाला पंप घेऊन दरवर्षीसारखा आला. दारच्या कलमावर मोहोर उत्तम होता, मी उभं राहून औषध मारून घेतलं. पत्रे उन्हासाठी सताड उघडे होते आणि हे बँकेत गेले होते. घरात नुसती माणसं असताना जे चालत होतं तेच केलं. घरात समुद्र आहे हे ना मला आठवलं, ना त्याला. संध्याकाळपर्यंत चारही कोळंब्या मेल्या. समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलं. हे माझ्यावर ओरडले असते तर मी बरोबरीने ओरडले असते, पण ते स्टुलावरून उठले आणि कॅन घेऊन रिक्षा शोधायला गेले. मग मीच पदर खोचून त्यांच्याबरोबर पाणी वाहिलं. वाहताना त्यांच्या पोवळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि समुद्रफूल जगू दे म्हणून देवालाही सांगितलं. ते जगलं.

त्यानंतर आमच्यात न बोलता एक करार झाला. मागच्या कलमांवर फवारणी असली की पत्रे बंद, टाकीवर माझ्या जुन्या साड्या. दारचं कलम मात्र सोडून द्यायचं. बिनऔषधाचा मोहोर तुडतुड्यांनी खाल्ला, चिकटा पडून पानं काळी झाली. दारच्या कलमाला सलग दोन वर्षं लोणच्यापुरत्याही कैऱ्या धरल्या नाहीत. मी कोणाकडे ब्र काढला नाही, पण भांडी जरा जोरात आपटत होते.

यंदा पौषात एका सकाळी हे स्टुलावरून म्हणाले, "तुझ्या कलमाला उत्तरेकडून मोहोर येतोय."

मी हसलेच. ज्या माणसाला रायवळ आणि कलम यातला फरक सांगता येत नाही, त्याने मला मोहोर सांगावा? "तुम्हाला हो काय कळतं?"

"पाण्यात दिसतं," ते म्हणाले. "लाल पालवी येते तेव्हा टाकीतलं ऊन तांबूस होतं. पालवी जून झाली की हिरवट. आता सकाळची सावली दाट झालीय, म्हणजे काहीतरी फुटलंय."

बाहेर जाऊन बघितलं, तर उत्तरेच्या अंगाला मोहोराचे तुरे होते. मला तोवर दिसले नव्हते.

आठवड्यात सगळं कलम मोहोराने भरलं. इतका मोहोर त्याच्यावर मी कधी बघितला नव्हता. आणि नेमकं त्यानंतर मळभ आलं. ढगाळ हवेत तुडतुडे असे उठले की झाडाखालून गेलं तरी तोंडावर यायचे. फवारणीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, उद्या मारलं तर मोहोर राहील, नाहीतर गेल्या दोन वर्षांसारखंच. औषध यंदा जहाल होतं, आणि फांदी तर छपरावरच. साड्यांनी ते अडणार नव्हतं. एक तर माझं कलम, नाहीतर ह्यांची टाकी.

त्या रात्री मला राग येत नव्हता, हेच विचित्र. सारखं ते तांबूस ऊन आठवत होतं. मी ठरवून टाकलं की कलम सोडायचं. आंबे काय, मागच्या कलमांना धरतातच; त्यांना दारच्याची चव नाही, एवढंच.

सकाळी मी मागल्या दाराने खाली उतरले. फवारणीवाला पंप सुरू करत होता. त्याला म्हटलं, "दारच्याला हात लावू नको. त्याच्यावर कीड नाहीये."

त्याने पंप बंद केला. "वयनी, सायेब तं काल सांजचे बोल्ले, पयलं दारचंच मारा. आगावू पैसंसुदीक दिलं हातावर."

मी पडवीत आले. पडवीत अंधार होता. पत्र्यांच्या जागी जुनी कौलं परत चढली होती. आदल्या दुपारी मी बाजारात होते तेव्हा ह्यांनी माणूस बोलावून चढवून घेतलेली, आणि मी सांजेला दिवाबत्तीच्या घाईत वर बघितलंच नव्हतं. टाकीला रात्रीतून चारी बाजूंनी ताडपत्री आवळली होती, गाठी बोटीवरच्या. हवेचा पंप आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि त्याची नळी उंबऱ्यावरून ताडपत्रीत गेली होती. ताडपत्रीच्या आत ते निळे दिवे लागलेले फटीतून दिसत होते. हे स्टुलावर बसले होते.

"ही कौलं किती दिवस?" मी विचारलं.

"फळ धरेपर्यंत राहू देत. तो चार वेळा तरी मारणार ना?"

"आणि ऊन?"

"मी जन्म काढला बिनउन्हाचा. त्यांना महिना-दोन महिने काढता येतील."

मी चहा टाकायला आत गेले आणि तिथे जरा रडून घेतलं.

समुद्रफुलाने मात्र दिव्यांशी जुळवून घेतलं नाही. शेवटची फवारणी होऊन ताडपत्री निघाली, कौलं अजून होती. त्यातलं एक कौल फुटकं होतं आणि त्यातून उन्हाचा रुपयाएवढा तुकडा टाकीच्या कोपऱ्यात पडायचा. ते फूल आपली जागा सोडून दगडावरून सरकत सरकत त्या तुकड्याखाली जाऊन बसलं. ते बघायला हे मला हाक मारायचे आणि मी हातातलं काम टाकून जायची. फळ वाटाण्याएवढं झालं तेव्हा कौलं उतरली.

वैशाखात दारच्या कलमाचे आंबे उतरवले. पेंढ्यात पिकलेला पहिला देवापुढे ठेवला, दुसरा कापून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी स्टूल फिरवलं, टाकीकडे पाठ आणि तोंड कलमाकडे करून बसले, आणि मनगटापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ला. बाठा चोखून झाल्यावर म्हणाले, "जरा आंबट आहे."

आंबट नव्हता, ह्यांची कौतुकाची रीतच ती. मी आत जाऊन कोयती घेऊन आले. आता बार उतरला होता, छाटणीला हरकत नव्हती. "ती छपरावरची फांदी काढून टाकू या," मी म्हटलं. "थंडीत तुमच्या पोवळ्यांना ऊन मिळेल."

ह्यांनी मान वर करून फांदीकडे बघितलं, नेहमी बघायचे तसंच.

"नको," म्हणाले. "वैशाखात पाणी तापतं, नुसत्या बर्फाने भागत नाही. तिच्यामुळेच ही टाकी उन्हाळा काढते. तुला काय वाटलं, मी रोज काय बघतो?"

मी कोयती खुंटीला लावली आणि ह्यांच्यासाठी दुसरा आंबा आणायला आत गेले.