चौकशी बंद आहे

आता हसणार असाल तर आधी चहा संपवा, कारण ही फजिती माझी मीच केलेली आहे, त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही.

न्हावऱ्याला एसटी स्टँडजवळ माझं नेट कॅफे होतं. कॅफे म्हणजे पत्र्याची शेड, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. पण जागा अशी मोक्याची, की गावात सोयरीक जुळवायला येणारा पाहुणा आधी माझ्याकडं टेकायचा. स्थळाची चौकशी करायची तर घरी कुठं विचारतात? असंच कोपऱ्यावरच्या दुकानात विचारतात. आणि मी भरभरून सांगायचो. कोण किती पितो, कुणाच्या विहिरीला पाणी कधी आटतं, सगळं. वर कुणाला मेल आला की पायरीवरून हाक मारून वाचून दाखवायचो. कुणाची तक्रार नव्हती.

दोन हजार नऊची दिवाळी झाली आणि शिरूरला आम्हा कॅफेवाल्यांना बोलावणं आलं. सायबरचा कायदा सुधारला होता. एका वकीलसाहेबांनी दोन तास समजावलं. लोकांची खाजगी माहिती विश्वासानं तुमच्याकडं येते, ती परस्पर बाहेर दिली तर तीन वर्षं आत, वर दंड.

मी हिशेब केला, तर माझी दीडेकशे वर्षं भरत होती.

परत आल्या आल्या गिऱ्हाइकांच्या पासवर्डची वही बंबात घातली आणि पाटी लावली: ‘येथे कोणाचीही माहिती कोणालाही दिली जाणार नाही.’

आता मधे एक सांगायचं राहिलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. चार स्थळांनी नाही म्हटलं होतं. पाचवं यवतचं होतं. मुलीचा फोटो मी पाहिला होता, आणि खरं सांगतो, दिवसातून दहादा पाहत होतो. हे स्थळ हातचं जाऊ नये एवढंच मागणं होतं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, यांनी माझा बायोडाटा पाठवला होता. त्यात फोटो कॉलेजातला, डोक्यावर भरपूर केस असलेला. व्यवसाय, ‘संगणक क्षेत्र’.

पाटी लावून चार दिवस झाले आणि मोटरसायकलवरून एक मामा आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी प्रिंटरमध्ये शाई भरत होतो, हात कोपरापर्यंत काळे.

“जरा चौकशी करायची हुती. तुमच्या गावातल्या एका पोराची. सोयरिकीचं बघतोय.”

“नाव घेऊ नका,” मी म्हणालो.

“आँ? नाव न्हाई घ्यायचं तर इचारू कसं?”

“विचारूच नका. पाटी वाचा.”

मामांनी पाटी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं. “आवं, पोरगा बरा हाय का, एवढंच सांगा.”

“बरा म्हटलं तरी माहितीच झाली.”

“दारूबिरू?”

“हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही.”

मामा खुर्ची ओढून जवळ आले. “कुणाची भीती हाय का तुमाला?”

“भीती तर आहेच, मामा. तोंड उघडलं तर वाट लागेल माझी. सारं गाव गप्प बसलेलं बरं.”

मामांनी पेन खिशात नीट बसवलं, मोटरसायकलला किक मारली आणि मागं न पाहता गेले. मला इतकं समाधान वाटलं, की वकीलसाहेबांना फोन करून सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो, तर आप्पा ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेले.

“यवतचा निरोप आला. न्हाई म्हनत्यात.”

“का?” मी विचारलं.

“पोरीचा मामा चौकशीला आलता. म्हनतोय, पोराची गावात लई दहशत हाय. एक कॅफेवाला तर भीतीनं काळानिळा पडलाता.” आप्पांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “तुझी दहशत? आरं, आपली शेळी तुला हुंगत न्हाई.”

मी काळे हात पाठीमागं लपवले. पण आप्पांनी ते पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आप्पांनी मला यवतला नेलं. दारातच मामा उभे. मला पाहताच ओरडले, “आवं, ह्यो तर त्यो घाबरलेला कॅफेवाला!”

मग मी सगळं कबूल केलं. कायदा, पाटी, शाई, आणि फोटोतले केससुद्धा. मामा गंभीरच राहिले. तेवढ्यात आतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला, आणि मागोमाग ती म्हणाली, “मामा, हो म्हणून टाका. आपल्या घरातलं ह्यांच्या पोटात तरी ऱ्हाईल.”

लग्न झालं. संसार उत्तम चाललाय, देवाची कृपा आहे. माझे सगळे पासवर्ड तिला पाठ आहेत. ती पाटी तिनं शेडमधून काढून आणली आणि स्वयंपाकघरात लावली. आज जेवायला काय केलंय म्हणून विचारलं, तरी ती नुसतं पाटीकडं बोट दाखवते.