लाल ठिपका

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या ताईला सगळा बाजार ‘डागताई’ म्हणायचा. तुटकं काहीही आणा, वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडणार. तिचा धाकटा भाऊ म्हणजे घरातला भोंगा. सुटे भाग गोळा करून त्यानं घरीच कंप्युटर बांधला होता. वीज गेली की ते यंत्र सगळं विसरायचं, म्हणून आपला खेळ तो कॅसेटवर भरून ठेवायचा. कॅसेट लावली की अशी किंचाळी उठायची, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “भोंग्या, सोड रे त्या मांजराची शेपटी!”

एके दिवशी कॅसेटवरचं कंप्युटरमध्ये उतरेना. पोरानं डोकं फोडून घेतलं. नवी कॅसेट भरून बघायचं काही सुचलं नाही. टेप कंप्युटरला जोडणाऱ्या आपल्याच सर्किटला शिव्या घालत त्यानं ते उपटून फेकलं.

“मला नाही जमत गं ताई.”

“उंटावरचा शहाणा! आधी रेडिओ जोडायला शिक,” ताई हसली होती.

मग कावीळ झाली आणि पोर हातचं गेलं.

आईनं यंत्रावर चादर घातली. वर्षानं तीच चादर काढत म्हणाली, “जगाचं जोडतेस, त्याचं एकदा चालव. काय करत होता कार्टा, बघू तरी.”

ताईनं त्याच्याच टेबलावर तसलंच नवं सर्किट मांडलं. काम चाळणीचं. टेपमधून बारीक शिट्टी आली तर एक, जाड आली तर शून्य. मधली खरखर गाळून निवडलेले दाणे तेवढे कंप्युटरला द्यायचे. नव्या कॅसेटवर दोन ओळी भरून पाहिल्या, झटक्यात उतरल्या. भावाची घातली, तर पडद्यावर नुसता कचरा.

तिनं वायर काढून कान लावला. जाड शिट्टी ठणठणीत, बारीक मात्र पडसं झाल्यासारखी. हे दुखणं तिच्या रोजच्या ओळखीचं. हेड म्हणजे टेपमधला फीत वाचणारा तुकडा; वाकड्या हेडवर भरलेली कॅसेट सरळ हेडवर अशीच घसा बसल्यासारखी वाजते. तिनं टेपरेकॉर्डर उघडला. हेडच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

सरळ केलेला स्क्रू हलू नये म्हणून असा ठिपका अख्ख्या बाजारात ती एकटीच लावायची.

कॅसेट उतरेनाशी व्हायच्या आधी एकदा भाऊ बाहेर गेला होता. हेड वाकडं दिसलं, म्हणून तिनंच त्याला न सांगता, लाडानं, सरळ करून ठेवलं होतं.

“थांबलीस का गं?” आई दारातून म्हणाली.

“स्क्रू घट्ट आहे.”

तिनं ठिपका नखानं खरवडला. शिट्टीला धार येईपर्यंत स्क्रू केसाकेसानं पुन्हा वाकडा फिरवला. वायर लावली. सगळं उतरलं.

पडद्यावर ठोकळ्याठोकळ्यांचं मांजर आलं. बटण दाबलं की शेपटी सोडवून टुणकन उडायचं.

“मेल्यानं माझंच बोलणं...” म्हणता म्हणता आईनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, “चालतंय की गं. मग तेव्हा का नाही चाललं?”

“वायर सैल होती, आई.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग तुला का नाही दाखवलं त्यानं? तू डाग दिला असतास.”

ताईनं नखात अडकलेला लाल रंग कोरून काढला. आईनं पुन्हा बटण दाबलं. मांजर उडालं.