केशोरीला नेणारं यंत्र

गोंदियाच्या दुकानदारानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "मॅडम, साहब नहीं आए?"

साहेब येणार नव्हते. साहेब साताऱ्याला घरी पेपर वाचत बसले होते आणि साताऱ्याहून इथवर गाडी मी एकटीनं चालवत आणली होती, वाटेत दोन मुक्काम करून. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला रस्ता दाखवणारं यंत्र निवडता येतं, हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "तो गाड़ी कौन चलाता है?"

मी तिथूनच परत फिरले असते. पण यंत्र घेणं भाग होतं, आणि का ते सांगायला हवं. प्रमिला ही माझी नर्सिंगच्या वसतिगृहातली खोलीसोबतीण, केशोरीजवळच्या एका टोल्यावरची (टोला म्हणजे लहान वस्ती). गेल्या वर्षी ती फार आजारी असल्याचा निरोप आला आणि मी निघाले. नवेगावबांध सोडल्यावर जंगलात फोनचं नेटवर्क गेलं, फोनमधला नकाशा गोठला आणि मी तीन तास भलत्याच गावांतून फिरत राहिले. पोहोचले तेव्हा सारं आटोपलं होतं. मला धड रस्ता सांगायचं त्या घरात कुणाला सुचलं नाही, हा राग मी वर्षभर मनात धरून होते. आता प्रमिलाच्या मुलीचं, करुणाचं, लग्न होतं. "मावशी, आईच्या जागी तुमी उभ्या राहा," असं ती फोनवर म्हणाली होती. मी म्हटलं, "येते, पण या वेळी पत्ता नीट पाठव." तर म्हणे, "या ना जी, सापडते घर." मी कपाळावर हात मारला. पुन्हा चुकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून नेटवर्काशिवाय, थेट उपग्रहावर चालणारं यंत्र हवं होतं. दुकानदारानं तीन काढली. पहिल्यात मी केशोरी शोधलं, तर तिथे नुसता हिरवा रंग. एवढं मोठं गाव, आणि यंत्राच्या लेखी तिथे माणूसच राहत नाही! दुसऱ्यात केशोरी होतं, पण आवाज इतका बारीक की यंत्र कानाला लावून गाडी हाकावी लागली असती. तिसऱ्याचा पडदा मोठा होता, त्यात प्रमिलाचा टोलासुद्धा होता आणि ते चक्क मराठीत बोलत होतं. मी विचारलं, "नकाशा कोणत्या वर्षीचा?"

"एकदम लेटेस्ट, मॅडम."

"लेटेस्ट म्हणजे कोणत्या वर्षीचा?"

त्यानं खोका उलटवून चालू वर्षाचा छाप दाखवला. मी पैसे दिले. त्यानं जाताजाता "साहब को सेटिंग समझा दीजिए" असा सल्लाही दिला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॉज सोडला. लग्न बाराला होतं. डिसेंबरची थंडी, गोरेगावच्या बाजूला धानाची शेतं कापून मोकळी झालेली आणि मधे मधे पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे. यंत्रातली बाई "सरळ जा" म्हणत होती आणि रस्ताही सरळच होता, त्यामुळे आमचं छान जमलं.

सडक अर्जुनीला महामार्गावरच्या ढाब्यावर पोहे घेतले, वर लाल तर्री. शेजारच्या बाकावरच्या ट्रकवाल्यानं माझ्या गाडीच्या काचेला चिकटवलेलं यंत्र बघून विचारलं, "कहां जाना है, दीदी?" मी केशोरी सांगितलं. "किसके यहां?" म्हणाला. मला संताप आला. लॉजच्या मॅनेजरनं हेच विचारलं होतं, पेट्रोलपंपावरच्यानंही हेच. मी कुणाच्या घरी जाते याच्याशी यांना काय करायचंय? मी म्हटलं, "रस्ता यंत्र दाखवतं." तो हसला आणि चहा पिऊ लागला. गाडीत बसून दार लावलं तर यंत्र काचेवरून सुटून पायाशी पडलं. ते पुन्हा थुंकी लावून चिकटवलं, हे दुकानदाराला कळू नये.

नवेगावबांधचं जंगल आलं, नेटवर्क गेलं, पण यंत्र बोलत राहिलं. मी मोठ्यानं "शाब्बास" म्हटलं. अर्जुनी मोरगाव मागे पडलं. मग केशोरीच्या बऱ्याच अलीकडे ती म्हणाली, "उजवीकडे वळा." वळले. डांबर संपलं, मुरूम आला, मग नुसती चाकोरी. दोन्हीकडे पळस. "सरळ जा," ती म्हणाली. मी चढ चढून तलावाच्या पाळीवर आले आणि करकचून ब्रेक दाबला.

पुढे पाणी होतं. साधंसुधं नव्हे, अख्खा तलाव, शिंगाड्याच्या वेलींनी अर्धा झाकलेला. पलीकडच्या काठावर घरं आणि मांडवाचं पांढरं कापड दिसत होतं. पडद्यावर मात्र त्या पाण्यातून आरपार ठळक रस्ता काढलेला होता. "सरळ जा," ती पुन्हा म्हणाली. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

काठाला एक मासे धरणारे गृहस्थ जाळं झटकत होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं असणार.

"गाडी पान्यात घालता का जी, बाई?"

"या यंत्रात इथून रस्ता आहे!"

"हाये ना. बरोबरच दाखवून राहिलं ते." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "उन्हाऱ्यात (उन्हाळ्यात) तलाव आटला का आमच्या बंड्या इथूनच जातेत. आता पूस (पौष) लागला, आता कसा राहीन रस्ता?"

कुठल्याशा उन्हाळ्यात वरून फोटो निघाला असणार, बैलबंड्यांची चाकोरी त्यात उमटली असणार आणि कुणीतरी तिला रस्ता ठरवून मोकळं झालं असणार. मी दुकानात वर्ष विचारलं होतं. महिना विचारायला हवा होता!

साडेअकरा वाजले होते. मागे फिरून फाट्यानं यायचं तर तासभर लागेल, असं ते गृहस्थ म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "कोनाच्या घरी जाऊन राहिल्या?" या वेळी मी मुकाट्यानं प्रमिलाच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. "मनोहरभाऊच्या इथं? मंग बसा डोंग्यात."

डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली अरुंद होडी. माझी पांढरी साडी, हातात अहेराची पिशवी, तळाशी बोटभर पाणी. यंत्र मी रागानं पिशवीत कोंबलं होतं, पण बंद करायचं राहिलं. तलावाच्या मध्यावर पिशवीतून आवाज आला, "तुम्ही योग्य मार्गावर आहात." गृहस्थ इतके हसले की डोंगा हलला. मला अजिबात हसू आलं नाही.

काठावर बायका धावत आल्या. "मावशी आल्या, मावशी आल्या." करुणा पांढऱ्या साडीत मांडवाच्या दाराशी उभी होती. बाराला दहा मिनिटं कमी होती. बौद्धाचार्य बसले होते, नवरदेव बसला होता, आणि तरी काही सुरू होण्याचं लक्षण नव्हतं.

"तुझे बाबा कुठे आहेत?" मी विचारलं.

"बाबा फाट्यावर हायेत जी. तुमची वाट पाहून राहिले."

"लेकीचं लग्न, आणि बाप फाट्यावर?" माझा आवाज मांडवभर गेला.

"दुरून पाहुना येते तवा घरचा मानूस फाट्यावर उभा राह्यतेच," करुणा म्हणाली. मी असं का विचारते तेच तिला कळत नव्हतं. "मंग रस्ता कायले सांगाचा?"

म्हणजे पत्ता पाठवला नव्हता तो यासाठी. पत्ता स्वतः येऊन उभा होता, आणि यंत्रानं मला त्याच्या तीन मैल अलीकडेच वळवलं होतं.

कुणीतरी मोटारसायकल काढून त्यांना आणायला गेलं. मनोहरभाऊ आले ते धुळीनं भरलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. "आल्या का ताई," एवढंच म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले. मग लग्न लागलं. मी आईच्या जागी उभी राहिले. प्रमिला हवी होती. तिची फार आठवण आली आणि मी डोळे पुसले नाहीत.

वांग्या-आलूची भाजी, वरण-भात आणि बुंदी असं जेवण झालं. नंतर मनोहरभाऊंनी मला मोटारसायकलवरून तलावाला वळसा घालून गाडीपाशी सोडलं आणि पुढच्या वेळी चुकू नये म्हणून स्वतः पुढे राहून फाटाही दाखवला. फाट्यावर एक मोहाचं झाड आहे. ते तिथे थांबले, म्हणून मीही उतरले. मला ओशाळल्यासारखं झालं होतं.

"भाऊ, किती वेळ उभे होता हो तुम्ही इथे?"

"कवा जी? आज, का मागल्या साली?"

"मागल्या साली?" मी विचारलं.

"आज तं आठापासूनच होतो," ते म्हणाले. "मागल्या साली सकारी झुंजुरकाच (पहाटेच) आलो. प्रमिला म्हने, ताई येऊन राहिली, तुमी फाट्यावर उभे राहा, तिले घर सापडाचं नाही. मंग घरून मानूस आला सांगाले, का ती गेली म्हनून. तवा गेलो."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगितलं. मग त्यांनी हात जोडले, "सावकाश जा जी," म्हणाले आणि मी दिसेनाशी होईपर्यंत झाडाखाली उभे राहिले, ते मला आरशात दिसत होतं.

साताऱ्यापर्यंतच्या वाटेवर मी कुणावर तरी रागवायचा खूप प्रयत्न केला.