पालथ्या फोनांचा डबा

सोलापूर स्टेशनात गाडी लागली तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर उतरलं होतं. डब्याच्या दाराशेजारी ठळक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या गाडीत प्रवाशांसाठी मोफत वायफाय आहे. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, बघू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवलेल्या बाईला असल्या पाट्यांचं फारसं कौतुक नसतं. ट्रंक कॉल जोडून देणं हे माझं काम होतं. लाइन चालू आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि कानाला लावल्यावर नुसती खरखर ऐकू येते.

पुण्याला धाकट्या भावाने नवा फ्लॅट घेतला होता, तो बघायला मी निघाले होते. शहराच्या नव्या भागातून, जुळे सोलापूरहून रिक्षाने आले, बरोबर एक पिशवी कडक भाकरीची (मंद आचेवर वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची भाकरी) आणि एक डबा शेंगाचटणीचा. भावाने फोनवर सांगितलं होतं, "ताई, गाडीत वायफाय आहे, मालिका बघत बघत ये." मी म्हटलं, मी खिडकीतून बघत बघत येईन.

पण मोह कुणाला सुटलाय? गाडी सुटली आणि मीही फोन काढला. वायफायने माझा नंबर मागितला, मी दिला. मग म्हणे, मेसेजने एक आकडा येईल तो भरा. मेसेज यायला मोबाइलची रेंज लागते, आणि ती तोवर मागे स्टेशनातच राहिली होती. पाणी भरायचं तर आधी तांब्याभर पाणी दाखवा म्हणण्यातला हा प्रकार. मोहोळजवळ रेंज आली, आकडा आला, पण त्याची मुदत संपली होती. पुन्हा मागवला. अशी झटापट करून एकदाची आत शिरले, तर पडद्यावर एक चक्र गरगर फिरत होतं. मी फोन पिशवीत टाकला आणि भाकरीचा तुकडा मोडला. बाहेर काळ्या रानात शाळूची कणसं भरली होती. त्यासाठी कुठला आकडा भरावा लागत नव्हता.

समोरच्या बाकावर बाप आणि लेक होते. मुलगी विशी ओलांडलेली, इस्त्रीचा फिकट निळा कुर्ता, मांडीवर फोन, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की मी चटणीचा डबा आपणहून पुढे केला. तिने नको म्हटलं. वडील म्हणाले, "मॅडम, तिला आज घास उतरायचा नाही. मुलाखत आहे तिची."

"पुण्याला?"

"नाही ओ, हितंच. गाडीत."

मग सगळं कळलं. मुलीचं नाव करुणा. नर्सिंग झालेली, दवाखान्यात नोकरी करते, आणि परदेशी विद्यापीठात पुढे शिकण्यासाठी शिष्यवृत्तीच्या शेवटच्या फेरीत पोचलेली. त्याचसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा आज दुपारी पुण्यात होती. काल संध्याकाळी मेल आला, की ऑनलाइन मुलाखतही आजच सकाळी आहे, वेळ बदलता येणार नाही. गाडी सोडली तर परीक्षा बुडणार, गाडीत बसलं तर मुलाखत. वडील दवाखान्यात वॉर्डबॉय. त्यांनी रात्रीतून जास्त भाड्याच्या या गाडीची तिकिटं काढली, कारण हिच्यात वायफाय होतं.

"आमच्या विहारात काल समद्यांनी वंदना घेऊन हिला निरोप दिलाय," ते हळूच म्हणाले. "आमच्या वस्तीतून शिकायला भाईर देशी कोण गेलं नाही अजून."

मी त्या पाटीबद्दल जे बोलणार होते ते गिळलं.

कुर्डुवाडीला गाडी थांबली. गरम वड्यांचा वास आत आला, आणि त्याच्या मागोमाग डाळिंबांची एक करंडी. करंडीमागून नऊवारीतल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या एक आजीबाई. त्यांनी करंडी वाटेत ठेवली, माझ्या शेजारी बसल्या आणि पहिला श्वास घेण्याआधी आपली सगळी माहिती दिली. नाव सुभद्राक्का. सांगोल्याकडची वाडी. घरी मेंढरं आणि डाळिंबाची बाग. पुण्याला नात झाली होती. "दुष्काळात पाच वर्सं ग्रामपंचायतीत व्हते मी," त्या म्हणाल्या. "टँकर आनायचा, वाटायचा, भांडनं मिटवायची. तवापासनं आवाज असा झाला." आवाज खरोखरच डब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा होता.

गाडी हलली आणि करुणाचा फोन वाजला. पडद्यावर तीन माणसं दिसली, दोन बायका आणि एक पुरुष. करुणाने नमस्कार केला, स्वतःबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्याला चित्र थिजलं. आवाज तुकड्या-तुकड्याने येऊ लागला. तिने फोन खिडकीला लावला, वर धरला, छातीशी धरला. अखेर पलीकडून एक बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, की तुमचं बोलणं आम्हाला कळत नाही, थोड्या वेळाने आम्ही पुन्हा जोडून पाहू, तेव्हाही जमलं नाही तर पुढच्या उमेदवाराकडे जाऊ. फोन बंद झाला.

करुणा रडली नाही. तिने नुसता ओढणीचा काठ मुठीत धरला. वडील म्हणाले, "माझंच चुकलं. पाटीवर इस्वास ठेवला." मला फार वाईट वाटलं. माझ्या नोकरीत असं कितीदा झालं होतं: दोन्हीकडे माणसं बोलायला तयार, आणि मधली लाइन मेलेली.

मी डब्यावर नजर टाकली. जिकडे बघावं तिकडे माना खाली. कुणी मालिका, कुणी क्रिकेट, कुणी गाणी, एका पोराला जेवताना कार्टून. पाटी सगळ्यांनीच वाचली होती.

"काय झालं पोरीला?" सुभद्राक्कांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. डब्यात वायफायची पेटी एकच, तीही मोबाइलच्याच टॉवरवरून घेते, तिच्यातून थोडंच येतं, आणि सगळा डबा एकदम ओढतोय. कुणालाच धड मिळत नाही.

अक्कांनी डब्यावरून नजर फिरवली. "म्हंजे टँकर आलाय," त्या म्हणाल्या, "आन समदी एकदम बारड्या सोडून बसल्यात की."

"अगदी तसंच."

"मग आमच्या वाडीवर करत्यात तसं करायचं. ज्याच्या घरात कार्य, त्याचं पानी पैलं. लगीन आसंल, बाळातपन आसंल, मयत आसंल. बाकीच्यांनी आपली घागर पालथी घालून बसायचं. पालथी घागर दिसली की कळतं, हा मानूस थांबलाय. मंग कोन चोरून भरत न्हाय." त्यांनी करुणाकडे बोट केलं. "हिच्या घरी आज कार्य हाय."

आणि त्या उठल्या. मी काही म्हणेपर्यंत त्या वाटेच्या मधोमध उभ्या होत्या.

"ऐका समदी," त्यांनी टँकरच्या काळातला आवाज लावला. "या लेकीची मुलाकत हाय. लई मोठी. तुमच्या फोनांनी तिचं वारं खाल्लंय. थोडा येळ समद्यांनी आपापला फोन पालथा घाला."

लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने फोन समोरच्या फळीवर पालथा ठेवला. तिच्या मागच्याने ठेवला. पण पालथ्या फोनातूनही क्रिकेटचा आरडाओरडा चालूच होता. आता पदर खोचायची पाळी माझी होती. फोन नुसता पालथा घालून लाइन मोकळी होत नाही. मी उठले आणि एक्स्चेंजमधला आवाज लावला, गोड आणि ठाम, ज्याला नाही म्हणता येत नाही तो. "कृपया आधी वायफाय बंद करा. मोबाइलचं इंटरनेटही बंद करा. मग पालथा घाला. धन्यवाद." अक्का पुढून आणि मी मागून, असा आम्ही डबा विंचरून काढला. कार्टूनवाल्या पोराला मी कडक भाकरी दिली. त्याने ती मालिकेतल्या माणसासारखा नाटकी चेहरा करून चावली, पण फोन दिला.

शेवटच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसलेले एक गृहस्थ मात्र हलेनात. "मीसुद्धा तिकीट काढलंय," ते म्हणाले. "माझी मीटिंग चालू आहे."

"ही मीटिंग रोज असती का आजच?" अक्कांनी शांतपणे विचारलं.

"रोजच असते."

"मंग रोजचं पानी मागनं भरा, दादा."

आजूबाजूला हसू फुटलं. गृहस्थ थोडे लालसर झाले, मग त्यांनाही हसू आलं आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. एवढंच नाही, कानाला लावायचे स्वतःचे चांगले हेडफोन काढून करुणाकडे पाठवून दिले.

फोन पुन्हा वाजला तेव्हा डब्यात चाकांशिवाय आवाज नव्हता. चित्र स्वच्छ आलं. पलीकडच्या बाई बोलत होत्या ते आता आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण करुणाचं ऐकू येत होतं. सुरुवातीला आवाज कापत होता. मग तिला अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीबद्दल विचारलं असावं, कारण ती एकदम आपल्या हक्काच्या जागेवर आली. इंग्रजी साधं होतं, पण अडखळत नव्हतं. बाहेर उजनीचं पाणी लागलं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, आणि एरवी या ठिकाणी सगळा डबा फोन काढून खिडकीला चिकटतो. त्या दिवशी लोकांनी ते नुसते डोळ्यांनी पाहिले.

मध्येच करुणा हसली. तिने हेडफोन बाजूला करून आम्हाला सांगितलं, "विचारतायत, आत्ता लाइन कशी सुधारली." मग तिने त्यांना टँकर, घागरी, अक्का, सगळं सांगितलं आणि फोन फिरवून डबा दाखवला. रांगेने फळ्या, फळ्यांवर पालथे फोन. अक्कांनी डाळिंब हातात धरून हात हलवला. पलीकडची तिन्ही माणसं हसताना मी पाहिली.

भिगवणच्या पुढे मुलाखत संपली. करुणाने हेडफोन काढले आणि म्हणाली, "झालं. सगळं बोलता आलं." मग रडली. वडिलांनी डब्याकडे वळून हात जोडले. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या डब्याने ती उचलली. अक्कांनी डाळिंबं फोडून वाटली, मी भाकरी आणि चटणी वाटली. पुणं येईपर्यंत कुणी फोन सरळ केला की नाही, मला आठवत नाही. उतरताना करुणाने माझा नंबर घेतला आणि दुपारच्या परीक्षेला पळाली.

भावाचा फ्लॅट छान आहे. तिथलं वायफाय भिंत ओलांडून स्वयंपाकघरात येत नाही, पण नव्या घराला नावं ठेवू नयेत म्हणून मी गप्प बसले.

परत येताना तीच गाडी, तीच निळी पाटी. वायफाय या खेपेला माझा नंबर मागायलाही तयार नव्हतं. वाचकहो, तुम्ही मला विचाराल की गाडीतल्या वायफायवर भरवसा ठेवावा का, तर माझं उत्तर स्वच्छ आहे: ठेवू नये. काही महत्त्वाचं असेल तर घरून उरकून निघावं. आणि निघावंच लागलं, तर डब्यात सुभद्राक्का चढतील अशी आशा धरावी.

मोहोळ गेल्यावर रेंज आली आणि फोन वाजला, साधा फोन.

"मावशी, करुणा बोलतेय. निवड झाली." मागे कितीतरी माणसांचा गलका होता. "विहारात आहोत सगळे. मेल आत्ताच आला. अक्कांचा नंबर नाही माझ्याकडे, त्यांना कसं कळवू?"

सांगोल्याकडची वाडी, सुभद्राक्का, डाळिंबाची बाग: एवढ्या पत्त्यावर मी आयुष्यात पुष्कळ माणसं शोधून दिली आहेत. शोधते म्हटलं.

आमच्या एक्स्चेंजमध्ये एक नियम होता. दोन्हीकडून 'हॅलो' ऐकू आलं की ऑपरेटरने कानाचं यंत्र काढायचं. पुढचं बोलणं आपलं नाही. कुणाला मुलगा झाला, कुणाला नोकरी लागली, कुणाचं कोण गेलं, मला कधीच कळलं नाही. इतकी वर्षं मी लोकांचे कॉल जोडले, आणि शेवट ऐकलेला हा पहिलाच.