इनोबत ओपाच्या दारातले बूट

मार्गिलानबाहेरच्या अंड्यांच्या फार्मवर इनोबतचा हुद्दा कागदोपत्री काय होता कोण जाणे. सगळ्यांची ती ओपा, म्हणजे थोरली बहीण, आणि पाठीमागे 'बुटांची सासू'. चाळीस हजार कोंबड्यांना आत जायचं दार एकच, आणि त्या दारात ती. बाहेरचं पायताण बाहेर, मग साबणाने हात, मग फार्मचे पांढरे रबरी बूट, ब्रशने घासून औषधाच्या पाण्यात बुडवलेले. "नुसतं बुडवून काय होतंय? आधी घाण काढ," असं ती दिवसातून पन्नासदा म्हणायची. एकदा खुद्द मालकाला तिने दारातून परत पाठवलं. भला माणूस, हसत गेला आणि बूट घालून आला.

पूर्वी ती अशी नव्हती, सांगून पटायचं नाही इतकी भिडस्त होती. गेल्या वर्षी कोंबड्या बघायला आलेल्या शेजारणीला तिने "ये गं, आहे तशी ये" म्हणून आत घेतलं. महिन्याभराने तपासणीत साल्मोनेला निघाला, अंड्यांतून माणसांना बाधणारा जंतू. कोंबड्या धडधाकट, दाणे टिपत होत्या, अंडी घालत होत्या, तरी सगळ्या काढाव्या लागल्या. जंतू शेजारणीच्या पायांनी आले की उंदरांच्या, ते कुणालाच कळलं नाही. इनोबतने मात्र ते स्वतःच्या माथी घेतलं. चार महिने शेड रिकामं होतं आणि त्या शांततेने तिचा जीव खाल्ला.

यंदा नव्या कोंबड्या आल्या. सोमवारी तपासणी होती. बुटांवर कापडी मोजे चढवून शेडभर चालायचं आणि ते मोजे प्रयोगशाळेत पाठवायचे. आणि नेमके त्याआधीच्या गुरुवारी तुर्दाली ओता, म्हणजे तुर्दाली आजोबा, फार्मवर हजर झाले.

हे ओता म्हणजे अझमतचे आजोबा, आणि अझमतशी इनोबतच्या लेकीचं, मोहिराचं लग्न ठरत होतं. रविवारी मुलीकडच्या बायकांनी मुलाचं घर बघायचं, मग ओतांनी नान मोडायचा, की झालं पक्कं. मोहिरा आठवडाभर गुणगुणत भांडी घासत होती.

"म्हटलं, आमच्या विहीणबाई काम कुठे करतात ते बघावं," ओता म्हणाले. दाराशी त्यांनी कलोश, म्हणजे वरून चढवायचे रबरी जोडे, काढून नीट जोडीने ठेवले आणि आतल्या महसींनिशी, मोज्यांसारख्या मऊ कातडी बुटांनिशी, पाऊल उचललं. जन्मभर प्रत्येक घरात ते असेच शिरत आले होते.

इनोबत दारात आडवी आली. "ओता, महसीही काढाव्या लागतील."

"कलोश काढले की."

"महसीही बाहेरच्याच ना?"

"अगं पोरी, यांच्यात मी नमाज पढतो. मशिदीत चालतात आणि तुझ्या कोंबड्यांना चालत नाहीत?"

"अल्ला मन बघतो, ओता. सोमवारी तपासणीला येणारी बाई मोजे बघणार आहे." मग तिने हळूच विचारलं, "सकाळी तुमच्या कोंबड्यांना दाणा घालताना कलोश होते पायांत?"

ओतांच्या अंगणात तीस कोंबड्या होत्या. "तीन पावलं तर आहेत खुराड्यापर्यंत," ते पुटपुटले.

"तेवढी पुरतात."

तिने पांढरे बूट पुढे केले. बघणाऱ्या मजुरांपैकी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. ओतांनी बुटांना हात लावला नाही, कलोश चढवले. "रविवारी बघू," म्हणाले आणि निघाले.

त्या 'बघू'ने घरात सुतक आणलं. "आई, एक म्हातारा आत गेला असता तर काय बिघडलं असतं?" मोहिराने रडत विचारलं.

"कदाचित काहीच नाही. पण ते आधी कळत नाही ना गं," इनोबत म्हणाली, आणि रात्रीचं जेवण दोघींनाही गेलं नाही.

रविवारी ती दोन बहिणींना घेऊन गेली. ओता अंगणात बाकावर, काठीवर हनुवटी टेकवून. खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं. अंगणात आल्यावर सवयीने इनोबत खुराड्याकडे वळली, तशी ओतांची काठी तिच्यापुढे आडवी आली.

"थांबा, विहीणबाई."

खुराड्याच्या दाराशी जुने कलोश, साबण, ब्रश आणि औषधाच्या पाण्याचं घमेलं मांडलेलं होतं.

"तुम्ही चाळीस हजारांतून येताय. माझ्या तीसच आहेत, पण माझ्या आहेत. काढा बूट."

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. इनोबतला हसू की रडू तेच कळेना. ती खाली बसली, बूट काढले, हात धुतले, ओतांचे मोठाले कलोश घासून पायांत घातले आणि पाय उचलून तळ दाखवला.

"टाच राहिली," ओता म्हणाले.

तिने टाच पुन्हा घासली. दिवसभर दुसऱ्यांच्या टाचा तपासणाऱ्या त्या बाईला इतकं सुख कधी झालं नसेल. सोमवारच्या मोज्यांतही पुढे काही निघालं नाही, तेही इथेच सांगून टाकतो.

मग ओतांनी नान मागवला आणि सगळ्यांना पुन्हा एकदा हात धुवायला लावून स्वतःच्या हाताने मोडला. मोहिराचा फोन तोवर तिसऱ्यांदा वाजत होता.

"आई, मोडला का नान?"

"मोडला गं. आणि ऐक, सासरी जाताना टाचा नीट घासून जा. तुझा आजेसासरा माझ्यापेक्षा कडक आहे."