भर पावसात राबाचा वास

माणूस जातो, मागे फक्त सुगंध दरवळत राहतो... असं मध्यंतरी एका शोकसभेत ऐकलं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते गृहस्थ हयातभर मासळीच्या खताच्या धंद्यात होते. मी मान डोलावली. बोईसरच्या माणसाचा सुगंधावर विश्वास नसतो, वासावर असतो. आणि अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा तेवढाही नव्हता. तारापूरच्या एमआयडीसीत सेफ्टी खात्यात नोकरी केली. वास आला की आधी रुमाल धरून वारा कुठला ते बघायचं, मग तोंड उघडायचं - एवढाच माझा धर्म.

माझी बायको कुंदा माकुणसारची, भातशेतीवाल्या घरातली. एका दिवाळीत ती म्हणायला लागली, "अहो, राब जाळल्याचा वास येतोय." पेरणीआधी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, तो राब. काम उन्हाळ्यातलं. मी रुमाल घेऊन बाल्कनीत गेलो. वारा पश्चिमेचा, म्हणजे कारखान्यांकडचा. झालं निदान.

दुसऱ्या कुठल्या गावात बाईला असा वास येत राहिला असता, तर कुणीतरी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या बिल्डिंगनं तक्रार केली. कुंदाचं ऐकून शेजारपाजारच्यांनाही तोच वास यायला लागला. प्रदूषण खात्याचे एक साहेब मशीन घेऊन आले, गच्चीवर गंभीर चेहऱ्यानं उभे राहिले, चहा प्यायले आणि हवेत काही नाही म्हणाले. ते खरं बोलत होते.

पुढे एका सकाळी कुंदा ओट्यापाशी कोसळली, फिट आली. मेंदूत गाठ निघाली. दुर्मिळ आणि फार वेगानं वाढणारी. "वास तिथूनच येत होता," मुंबईचे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या. रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवायचे. ती म्हणाली, "तुमचं कंपनीचं हेल्मेट बरं होतं, निदान खाजवता यायचं."

ऑपरेशननंतर वास गेला. मी पेढे आणले. तिनं एकही खाल्ला नाही.

"बाबांचा राब होता हो तो," ती म्हणाली. "पहाटे भाजायचे, आम्ही चुलीपाशी असायचो. आता कायच येत नाय."

"बरंच झालं की."

"परत आला तर तुम्हाला नाय सांगणार. रुमाल घेऊन पळता नुसते."

डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा ती एक आंब्याचा हंगाम जास्त जगली. शेवटी बोलणं गेलं, मग डोळे उघडणं. पाऊस लागला आणि ती गेली.

तेराव्यानंतर तिची धाकटी बहीण नलू थोडे दिवस राहिली. एका दुपारी पाऊस नुसता कोसळत होता, खिडक्या बंद होत्या. मी कुंदाच्या रिकाम्या कॉटपाशी बसलो होतो... आणि राबाचा वास आला. जळका पाला, शेण, भाजलेली माती. गॅस बघितला, वायरिंग बघितलं, जिन्यात खालीवर हुंगून आलो. सवयीनं रुमालही धरला. हलला नाही.

नलू आतून हात पुसत आली.

"भावजी, राब कोन जाळतंय? ह्या पावसात?"

"कुठून येतोय?"

तिनं कॉटकडे बोट केलं आणि मग रडायलाच लागली. "ताईच्या उशीकडून."

कुंदानं तिला आधी सांगितलेलं असणार, हे एक स्पष्टीकरण. बिल्डिंगलाही तसाच वास आला होता, हे दुसरं. पण मग त्याच क्षणी दोघांना, मी तोंड उघडण्याआधी? नलू गेल्यावर वास आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी जागचा उठलो नाही.

नलूनं आमच्या मुलीला वासाचं सांगितलं, तिनं फोनवरून हट्ट धरला म्हणून माझा एमआरआय केला. वास आला की आमच्या घरात आता वारा बघत नाहीत. मेंदू स्वच्छ निघाला. उजव्या बाजूचा सायनस थोडा सुजलाय. वाफ घेतली की वासबिस सगळं जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

वाफेचं मशीन आणलंय. खोक्यातच आहे.