दाजींचा कान आणि जात्याची तळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची हळद पाण्याच्या पाइपातून दळली गेली. यात पाइपाचा काही दोष नव्हता.

दोष होता नवऱ्या मुलाच्या कानाचा. आक्काचं लग्न कबनूरच्या स्थळाशी ठरलं. घरचे चार माग आणि मुलगा पैलवान. दाजी पहिल्यांदा आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आले तेव्हा दारातून आडवे होऊन आत शिरले. जाताना माझा दंड दोन बोटांत धरून म्हणाले, "पावणं, ह्यो हात हाय का मागावरचा धागा?" सगळी बैठक हसली. (आक्का सगळ्यांत मोठ्यानं!) पाहुणे गेल्यावर आईनं आठवण करून दिली, "सुऱ्या, लग्नात कान तुलाच पिळायचाय बरं का."

आमच्या बहिणीला नीट नांदवा, हे बजावायला भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, ही आपल्याकडची रीत. ज्यानं ती काढली त्यानं पैलवानाचा कान बघितला नसावा. आखाड्यात घासून घासून दाजींचे दोन्ही कान सुजून दगड झालेले. तो कान भर मांडवात माझ्या बोटांतून निसटला असता तर अख्खं कबनूर हसलं असतं, आणि आक्का जन्मभर 'त्या काडीची बहीण' म्हणून नांदली असती! या विचारानं मला जेवण जाईना. आधीच काडी, त्यात उपास.

आमच्या पेठेत तालमींना तोटा नाही. पण तिथं बैठका चारचौघांसमोर माराव्या लागतात. मी एकदा गेलतो. पाचव्या बैठकीला खाली बसलो, तो दोघांनी धरून उठवलं. तेव्हा ठरवलं, व्यायाम करायचा तो आपल्या घरी, गच्चीवर. एका मासिकात फोटो पाहिला होता. दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या आणि मधे हसणारा माणूस. त्याच्या जागी मी स्वतःला इतक्या वेळा बघितलं, की शेवटी त्या बिचाऱ्याचा चेहराच आठवेना.

दुकानात चकत्यांचा भाव विचारला. तो ऐकून माझं होतं ते वजनही कमी झालं. मग सायकल काढून एका फाउंड्रीत गेलो.

"किती डझन ओतायच्या?" तिथला माणूस म्हणाला.

"दोनच."

"दोन? मग आईच्या तव्याला भोक पाड जा की!"

घरी येऊन मी खरंच तव्याकडे बघत बसलो. (आईला वाटलं, भूक लागली.) तेवढ्यात नजर जिन्याखाली गेली. जातं! दळण गिरणीत जायला लागल्यापासून ते तिथं धूळ खात पडलं होतं. वरची तळी गोल, दगडी, वजनदार आणि मधोमध दाणे घालायचं तोंड. जणू दांडा घालायलाच पाथरवटानं पाडलंय. शिवाय फुकट!

आता जोडीला दुसरी तळी हवी. शेजारच्या अमीनाचाची रजया शिवायच्या. त्यांच्या मोरीत एक जातं पाण्याच्या घागरीखाली असायचं.

"चाची, वरची तळी द्या की. महिन्यानं परत देतो."

"ने बेटा. पण आईला सांगितलंस न्हवं?"

"व्हय की!" मी म्हणालो. खोटं बोलायला कुठं दंड लागतात?

एका प्लंबरकडून पाइपाचा तुकडा मागून आणला आणि दोन्ही टोकांना तळ्या बसवल्या. त्या सारख्या हलायला लागल्या, तेव्हा ओळखीच्या सुतारानं सल्ला दिला, "लाकडी पाचरी ठोक आन् पाणी शिंपड. फुगून अशा बसतील, बापजन्मात निघायच्या न्हाईत." तो मोठा प्रामाणिक सुतार होता, हे पुढं कळलं. चाचींची तळी मात्र आमच्यापेक्षा जड निघाली. सगळं उजवीकडं कलंडायला लागलं. म्हणून डाव्या टोकाला वडिलांची, म्हणजे आबांची जाडजूड कापशी पायताणं बांधली. वजन बरोबर जुळलं! आबा पंधरा दिवस देवळाबाहेरच्या चोराला शिव्या देत अनवाणी कचेरीला गेले.

रोज संध्याकाळी मी गच्चीवर जायचो. आता लपवून काय उपयोग? ते धूड मी सबंध महिन्यात तीनदा उचललं, तेही गुडघ्यापर्यंत. बाकीचा वेळ मी त्याच्याशेजारी उताणा पडून असायचो. वर घारी संथ फिरत असायच्या, नदीकडून गुऱ्हाळाचा गोड वास यायचा आणि माझे डोळे आपोआप मिटायचे. मग मांडव भरायचा. माझ्या सदऱ्याच्या बाह्या दंडांवर टरटर फाटायच्या. मी दोन बोटांत कान धरायचो आणि दाजी पाटासकट तरंगत वर यायचे, "सोडा पावणं, फुलावाणी सांभाळतो तुमच्या आक्काला!" मी दयाळूपणे हसायचो. इतकं सगळं पडल्या पडल्या होत असताना उठून वजन कोण उचलणार हो?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पाच सवाष्णी हळद दळायला जमल्या. आई जिन्याखाली गेली आणि ओरडतच बाहेर आली.

"अगं बाई, जात्याची वरची तळी कुठं हाय?"

"आमची बी त्याच्याकडंच हाय की," चाची हसत म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

सगळी वरात गच्चीवर! आबांना पहिल्यांदा पायताणं दिसली. नंतर मी दिसलो. ती पायताणं घट्ट बांधलेली होती म्हणून मी आज हे सांगायला शिल्लक आहे.

"उचल," आबा म्हणाले. मी जोर लावला. काही हललं नाही.

"महिनाभर वर काय करत हुतास मग?"

खरं उत्तर देण्याची ती वेळ नव्हती. शेवटी आबा आणि दोन सवाष्णींनी ते खाली नेलं. हातोडा झाला, पहार झाली, पाचर हलेना. मुहूर्त टळायला आलेला. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माझ्या पोरीची हळद अशी अडली!" तेवढ्यात चाचींनी पाइपात डोकावून पाहिलं.

"हे पोकळ हाय की! उभं करा."

जात्याच्या खालच्या दगडावर आमची तळी, तिच्यातून उभा पाइप, आणि वर माझ्या डोक्याशी चाचींची तळी. ती कलंडू नये म्हणून मी दोन्ही हात वर करून तिला सावरत गोल गोल फिरायचं. चाची स्टुलावर चढून पाइपाच्या वरच्या तोंडातून हळकुंडांचे तुकडे टाकणार, ते घरंगळत खाली येणार आणि सवाष्णी दळणार!

दळलं की! सवाष्णींना ओव्याही त्या दिवशीच सगळ्या आठवल्या. तासभर! महिन्याचा व्यायाम मी एका तासात केला. खाली पिवळीधमक हळद पडत होती आणि आई डोळे पुसत हसत होती. मी बेशुद्ध पडायचा राहिलो तो केवळ तळीच्या धाकानं.

दुसऱ्या दिवशी मांडवात माझे हात कमरेच्या वर जाईनात! "नवरीचा भाऊ कुठं हाय? या, कान पिळा!" अशी हाक आली. कबनूरकर माना उंच करून बघायला लागले. आक्काचा चेहरा पांढरा पडला. मी दाजींपुढं उभा राहिलो, हात उचलला, तो पोटाशीच थांबला. तेव्हा दाजी काहीतरी पडल्यासारखं करून वाकले आणि कान अलगद माझ्या बोटांत आला. मी पिळला.

"आई आई गं! सोडा पावणं, फुलावाणी सांभाळतो तुमच्या आक्काला!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. स्वप्नातलं वाक्य, शब्दन् शब्द! मी कॉलर ताठ केली. (हात पोचला तेवढीच.) त्यानंतर बारा वर्षं मी हा किस्सा जाईन तिथं सांगितला.

एकदा कबनूरला आक्काच्या घरी भाच्यांना सांगत होतो, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आरं खुळ्या, त्या कानाला काय कळतंय? हळदीदिवशी चाचींनी निरोप धाडलता ह्यांना, पोराचा हात गेलाय, जरा वरडा म्हणून."

मी उठून बाहेर सोप्यात आलो. दाजी पेपर वाचत बसले होते. आवाज न करता मागं गेलो, दोन्ही हातांनी त्यांचा कान धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळला.

दाजींनी पान उलटलं.